लहान प्लँटेड टँक: आधी झाडं, मासे शेवटी

पाणकावळा

दोन फुटी टँकमध्ये झाडं आणि मासे दोन्ही हवेत असं ठरलं की बहुतेक जण निऑन टेट्रांच्या थव्यापाशीच अडकतात. टँक, फिल्टर, मूठभर झाडं, दहा-बारा मासे असं सगळं एकाच दिवशी घरी येतं आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात जातं. चार-पाच दिवसांनी मासे वर येऊन भराभर कल्ले हलवायला लागतात. मग 'मासे नाजूक निघाले' म्हणायचं आणि विषय संपवायचा. मासे बहुतेक वेळा ठणठणीत असतात, पण टँक कोरा असतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तळाशी पडलेलं खाद्य आणि कुजलेली पानं यांतूनही तोच तयार होतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. हे जिवाणू मुख्यतः स्पंज, वाळू, लाकूड, पानं अशा ठिकाणी चिकटून राहतात आणि अगदी सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. यालाच टँक 'सायकल' करणं म्हणतात. जलवनस्पती मात्र अमोनियम थेट शोषतात, बऱ्याच जणींना नायट्रेटपेक्षा तेच आवडतं. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्याच दिवशी तळाची निम्म्याहून जास्त जागा झाडांनी भरून टाका आणि मासे महिनाभर विसरा.

आता सामान. ६० × ३० × ३६ सेंमीच्या टँकचा हिशोब ६४.८ लिटर येतो; वाळू, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० ते ५५ लिटर पाणी उरतं. भरलेला टँक ७५-८० किलोंच्या घरात जातो, त्यामुळे स्टँड मजबूत आणि लेव्हलमध्ये हवा, टँकखाली फोमची पातळ शीट हवी. 'नवशिक्याला छोटा टँक बरा' हे मला अजिबात पटत नाही. पाणी जितकं कमी तितके त्याचे गुण झपाट्याने बदलतात. २० लिटरमध्ये एक मासा कुठेतरी लाकडामागे मरून पडला, तर बाकीच्यांवर लगेच संक्रांत येते.

दगड घ्याल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर तो दगड पाण्याची कठीणता वाढवत राहणार. लाकूड आधी भिजत घाला. पाणी चहाच्या रंगाचं होईल, त्याने काही बिघडत नाही. नव्या लाकडावर पांढरी बुरशी धरते, तीही आपोआप जाते.

फिल्टर ताशी टँकच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा पुरे. छोट्या टँकला साधा स्पंज फिल्टरसुद्धा उत्तम चालतो. स्पंज नळाखाली कधीही धुवायचा नाही. पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याच जिवाणूंना मारतं ज्यांच्यासाठी आपण महिना घालवलेला असतो.

झाडांपैकी अनुबियास आणि जावा फर्न यांचा राइझोम, म्हणजे ज्याला पानं आणि मुळं दोन्ही फुटतात तो आडवा जाड देठ, वाळूत गाडला की कुजतो. दोऱ्याने लाकडाला बांधा किंवा सुपरग्लूच्या जेलचा एक ठिपका लावून दगडावर दाबून धरा, पाण्यात त्याचा माशांना त्रास होत नाही. क्रिप्टोकोरिन लावल्यावर आठवडाभरात पानं विरघळून चिखल होतो. घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. लवकर वाढणारी झाडं सुरुवातीला भरपूर हवीत: वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया. दिसायला साधी, पण पहिल्या महिन्यात अमोनिया खाण्याचं काम तीच करतात. त्यांची गरज संपली की हवी तर नंतर काढा.

बुंध्याभोवतीची रॉकवूल, म्हणजे कुंडीतला लोकरीसारखा तंतुमय भराव, चिमट्याने बारीक बारीक काढत बसायचं काम किचकट आहे, पण टाळू नका. कुंडीतून झाड सोडवा, पाण्याच्या भांड्यात धरा, मुळं दोन-तीन सेंमीवर कापा, मग चिमट्यात मुळाचं टोक पकडून तिरकं खुपसा आणि चिमटा हळूच उघडत बाहेर घ्या. सरळ वर ओढलात तर झाडही वर येतं.

---

रात्रपाळी

छान धागा. दोन शंका आहेत. एक म्हणजे अ‍ॅक्वासॉइल आणि साधी वाळू यांत फरक काय पडतो? दुसरी, सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसेल तर झाडं जगतच नाहीत असं मला छातीठोकपणे सांगितलं गेलंय. खरं का?

---

पाणकावळा

@रात्रपाळी, जगतात की. वर दिलेली बहुतेक झाडं सिलिंडरशिवाय व्यवस्थित वाढतात. सीओटू लागतो तो जमिनीलगत गालिचा करणाऱ्या झाडांना आणि लाल रंगाच्या हट्टी मंडळींना. एक लक्षात ठेवा, प्रकाश, सीओटू आणि खत यांतलं एकच वाढवलं की फायदा शेवाळाचा. सिलिंडर नसेल तर दिवाही मध्यमच ठेवा.

सॉइल म्हणजे झाडांसाठी मुद्दाम बनवलेले मातीचे दाणे. त्यात पोषणद्रव्यं असतात, पाणी थोडं आम्लधर्मी आणि मऊ होतं. पण बहुतेक सॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतात आणि वर्ष-दोन वर्षांत जोर ओसरतो. वाळूत काहीच नसतं, मुळांजवळ खताच्या गोळ्या खोचाव्या लागतात. नवीन माणसाने २-३ मिमीची बारीक रेव घ्यावी, मागे सहा सेंमी, पुढे तीन सेंमी, असं माझं मत. चुकलं तर उकरून पुन्हा लावता येतं. सॉइल उकरलं की पाण्याची राड होते.

---

मातीचा माणूस

लेख चांगला आहे, पण फिल्टरची एवढी भलामण कशासाठी? अमेरिकन लेखिका डायना वॉल्स्टॅडबाईंची पद्धत इतकी वर्षं चालू आहे. खाली खत न घातलेली साधी माती २-३ सेंमी, वर तेवढीच रेव, झाडांची गच्च लागवड, मोजके मासे. सीओटू नाही, खत नाही, पाणी बदलणं क्वचित. झाडंच फिल्टर. मातीतले जिवाणू सेंद्रिय भाग कुजवतात, त्यातून झाडांना सीओटूही मिळतो. उपकरणांच्या नादी लागून लोकांनी हा छंद उगाच महाग करून ठेवलाय.

---

मोजपट्टी

@मातीचा माणूस, पद्धत उत्तम आहे यात वादच नाही, पण नवशिक्याला सांगताना अर्धी सांगू नका. मातीवरच्या टँकमध्येही सुरुवातीला अमोनिया चढतो आणि पाणी बदलावंच लागतं. शिवाय माती कोणती हे कळलं पाहिजे. शेणखत मिसळलेली पॉटिंग माती घातली तर वास आणि शेवाळ दोन्ही मिळेल. पाणी हलतं ठेवायला छोटा पंप तर वॉल्स्टॅडबाईही वापरतात.

ज्यांना मासे न घालता सायकल करायचंय त्यांच्यासाठी: सुगंध आणि साबण नसलेला अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका घाला. रोज किंवा एकाआड एक दिवस टेस्ट करा. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. द्रवाच्या टेस्ट किट पट्ट्यांपेक्षा जास्त भरवशाच्या. सॉइल वापरत असाल तर वेगळा अमोनिया घालायची गरज सहसा पडत नाही.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, तो मोजायचं कारणही सांगतो. टेस्ट किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ ला मात्र पाच टक्क्यांच्या वर. तोच आकडा एका टँकमध्ये निभावतो, दुसऱ्यात मासे उलटे होतात. उलट पीएच ६ च्या खाली गेला की जिवाणूंचंच काम मंदावतं.

---

मातीचा माणूस

@मोजपट्टी, पंपाबद्दल मान्य. शेणखताबद्दल तर हजारदा मान्य. पण रोज टेस्ट करत बसणं म्हणजे टँक कमी आणि प्रयोगशाळा जास्त. मी रोज झाडांना नवं पान फुटतंय का ते बघतो. फुटत असेल तर अमोनिया जातोय.

---

भिंगरी

माझा टँक अगदी हाच, ६० × ३० × ३६. यादी बघून सांगा प्लीज: ६ निऑन, ४ गप्पी (२ नर २ माद्या), २ एंजल आणि काच साफ ठेवायला १ प्लेको. जास्त होतायत का?

---

जुना गाळ

@भिंगरी, संख्येपेक्षा जोडी जुळत नाहीये. एकेक घेऊ.

एंजल छोटे असताना गोजिरवाणे दिसतात, पण पूर्ण वाढीला पंखांसकट उंची वीतभर होते. ३६ सेंमीच्या टँकमधून रेव वजा केली तर उरतं काय? आणि मोठ्या झालेल्या एंजलच्या दृष्टीने निऑन हे खाद्य आहे. निसर्गातही ते खातातच.

दुकानातला साधा प्लेको एक फुटाच्या वर जातो. काच साफ करणं दूरच, तोच इतकी विष्ठा करतो की फिल्टरला घाम फुटावा. मोठा झाल्यावर शेवाळातला रसही कमी होतो. कंटाळून लोक तलावात सोडतात आणि अनेक उष्ण देशांत त्याने स्थानिक माशांची वाट लावली आहे. कुठलाही पाळीव मासा किंवा झाड बाहेरच्या पाण्यात सोडायचं नाही.

गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते आणि एकदा मिळालेलं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते. म्हणजे नर काढून टाकला तरी पाळणा हलत राहतो. गप्पीला कठीण पाणी मानवतं, निऑनला मऊ. दोघं एकत्र जगतात, पण एकाला कायम तडजोड. गप्पी हवेच असतील तर फक्त नर घ्या.

५० लिटरला मी काय घेईन: वरच्या-मधल्या थरात १० ते १२ एम्बर टेट्रा किंवा ८ हार्लेक्विन रास्बोरा, तळाशी ६-८ पिग्मी कोरिडोरस, आणि मध्ये मिरवायला हनी गोरामीची जोडी. एम्बर जेमतेम दोन सेंमीचा, पण झाडांच्या हिरव्यावर तो केशरी रंग काय खुलतो! कोरिडोरससाठी तळाचा पुढचा भाग तरी मऊ वाळूचा ठेवा, टोकदार रेवेने त्यांच्या मिशा झिजतात. थव्याने राहणारे मासे सहापेक्षा कमी घेऊच नका, दोन-तीन आणले की ते दिवसभर झाडामागे दडून बसतात आणि आपण म्हणतो मासे लाजाळू आहेत.

---

भिंगरी

बापरे. एंजल आणि प्लेको रद्द. मग काच कोण साफ करणार?

---

जुना गाळ

तुम्ही. स्क्रेपरने, आठवड्यातून दोन मिनिटं. :)

मदतनीस हवेतच तर चेरी श्रिम्प किंवा अमानो श्रिम्प. चेरी गोड्या पाण्यात भराभर वाढतात. अमानोची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय मोठी होत नाहीत, त्यामुळे आणलीत तेवढीच राहतात, पण तंतुमय शेवाळ खाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. तांबं असलेलं औषध टँकमध्ये गेलं तर श्रिम्प संपल्याच म्हणून समजा.

ओटोसिंक्लस सुंदर मासा, पण नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. काचेवर, पानांवर पातळ शेवाळाचा थर धरेपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार महिने थांबा. घेताना पोट बघा. तो काचेला चिकटलेला असतो तेव्हा पोट समोरच दिसतं. गोल असेल तरच घ्या, खपाटीला गेलेलं असेल तर तो सहसा वाचत नाही.

---

सावळी

डेनिसन बार्ब चालतील का? पश्चिम घाटातला मासा आहे, आपलाच असावा असं फार वाटतं.

---

पाणकावळा

@सावळी, या टँकमध्ये नको. वाढला की १०-१२ सेंमीच्या पुढे जातो, थव्याने राहतो आणि सुसाट पोहतो. चार फुटी टँक आणि पाण्याला चांगला प्रवाह असेल तर विचार करा. निसर्गातली संख्या घटल्यामुळे आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, तेव्हा घेतलात तरी टँकमध्ये पैदास केलेलेच मागा. लहान टँकमध्ये आपला मासा हवा असेल तर वर सांगितलेला हनी गोरामी भारतीय उपखंडातलाच. आणि झाडांत बाकोपा मोनिएरी, म्हणजे आपली ब्राह्मी. पाण्याखालीही छान वाढते, जरा सावकाश.

---

हिरवा पडदा

तिसरा आठवडा चालू आहे, मासे अजून नाहीत. काचेवर आणि अनुबियासच्या पानांवर तपकिरी भुकटीसारखं साचलंय, बोटाने पुसलं की जातं. आधी चार दिवस पाणी दुधाळ झालं होतं. सगळं काढून धुऊ का?

---

मोजपट्टी

नका हो! दुधाळ पाणी म्हणजे जिवाणूंची एकदम झालेली वाढ, नव्या टँकमध्ये येते आणि जाते. तपकिरी भुकटी म्हणजे डायाटम नावाचं एकपेशीय शेवाळ, तेही पहिल्या दोन महिन्यांतलं नेहमीचं. हाताने पुसा, पाणी बदला, आपोआप कमी होईल. सगळं धुतलंत तर घड्याळ पुन्हा शून्यावर. दिवा किती तास चालू असतो?

---

हिरवा पडदा

सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. १४ तास असेल. झाडांना प्रकाश लागतो ना?

---

मोजपट्टी

१४ तास फक्त शेवाळाला लागतात. ६ तासांवर आणा, टायमर लावा, महिन्याभराने फार तर ८. खिडकीतलं ऊन थेट टँकवर पडत असेल तर तिथून हलवा.

पुढे भेटणारी मंडळीही सांगून ठेवतो. पानांच्या कडांना काळ्या केसांचे झुपके आले तर ते ब्लॅक बिअर्ड. बहुतेकदा सीओटू कमी-जास्त होत असला की येतं. पाणी हिरवं झालं तर ते तरंगणारं एकपेशीय शेवाळ, ३-४ दिवस टँक पूर्ण झाकून अंधार केला की बरंचसं जातं. निळसर हिरवा बुळबुळीत पापुद्रा आणि घाण वास म्हणजे सायनोबॅक्टेरिया, शेवाळ नव्हेच. तो ओढून काढा आणि त्या कोपऱ्यात पाणी फिरतंय का बघा. झाडांच्या जुन्या पानांना टाचणीने पाडल्यासारखी भोकं पडत असतील तर पोटॅशियम कमी, नवी पानं फिकट येत असतील तर बहुधा लोह.

---

रात्रपाळी

हे 'लिक्विड कार्बन' म्हणून बाटली मिळते, ती सीओटूला पर्याय आहे का?

---

पाणकावळा

नाही. त्यात ग्लुटराल्डिहाइड असतं, मुळात जंतुनाशक. शेवाळ मारायला थोडंफार उपयोगी, पण व्हॅलिस्नेरिया आणि मॉस त्याने विरघळतात. हाताळताना हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका. सिलिंडर लावलाच तर दिव्याच्या तास-दीड तास आधी सुरू आणि दिव्याबरोबर किंवा जरा आधी बंद, कारण रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. ड्रॉप चेकर, म्हणजे सीओटूनुसार रंग बदलणारी टँकमधली छोटी कुपी, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त, हिरव्या रंगावर साधारण ३० पीपीएम. तो तास-दोन तास उशिरा रंग बदलतो, म्हणून आधी माशांकडे बघा आणि मग चेकरकडे.

---

सावळी

मासे आणायच्या दिवशी नेमकं काय करायचं ते कुणी सांगा.

---

जुना गाळ

दिवा बंद. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, तापमान सारखं होतं. मग पिशवी उघडून टँकमधलं पाणी थोडं थोडं पाच-सहा वेळा घाला. श्रिम्प असतील तर बारीक नळीने थेंब थेंब, तासभर तरी. शेवटी मासे जाळीने उचलून टँकमध्ये, पिशवीतलं पाणी मोरीत. ते पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, त्यात काय काय आलेलं असतं.

सगळे एकदम आणू नका. आधी एक थवा, मग दोन-तीन आठवड्यांनी पुढचा. वेगळा छोटा टब किंवा टँक असेल तर नवे मासे तिथे दोन ते चार आठवडे ठेवा. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, म्हणजे इक हा परजीवीमुळे होणारा रोग, तिथेच कळतो. प्लँटेड टँकमध्ये त्यावर मीठ घालावं तर झाडं माना टाकतात आणि तांब्याचं औषध घालावं तर श्रिम्प मरतात.

पाणी दर आठवड्याला पाव भाग बदला. नव्या पाण्याचं क्लोरीन उघड्या बादलीत २४ तासांत उडतं. क्लोरामाइन घातलेलं पाणी असेल तर ते तसं उडत नाही, त्याला क्लोरामाइनसाठीचा कंडिशनर, म्हणजे ते निष्प्रभ करणारं द्रावण, लागतोच.

---

हिरवा पडदा

दिवा ६ तासांवर आणला, आठवड्यात फरक आहे. आता नवा प्रश्न. मासे आल्यानंतर महिन्याभरात आम्ही दहा दिवस बाहेरगावी जाणार आहोत. शेजारच्या काकूंना खाद्य घालायला सांगू का?

---

मातीचा माणूस

नको. काकू प्रेमाने रोज चमचाभर घालतील.

---

जुना गाळ

@हिरवा पडदा, धडधाकट मोठे मासे आठवडा-दहा दिवस खाद्याशिवाय राहतात. झाडांच्या टँकमध्ये टिपायला काही ना काही मिळतंच. पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी. निघायच्या आदल्या दिवशी पाणी पाव भाग बदला, फिल्टरची तोटी चोंदली नाही ना बघा, टायमर ५-६ तासांवर आणा. उन्हाळा असेल तर बाष्पीभवनाने पातळी उतरून फिल्टर कोरडा चालतो, म्हणून टँक काठोकाठ भरून वर झाकण ठेवा. आठवडाभर पुरणारे खाद्याचे पांढरे ठोकळे मिळतात, ते टाकू नका, पाणी खराब करतात.

काकूंना सांगायचंच असेल तर खाद्याच्या दोन पुड्या बांधून द्या, प्रत्येकीवर वार लिहा आणि मुख्य डबा कपाटात कुलपात ठेवा. वीज जाऊन आल्यावर फिल्टर सुरू झाला का, एवढं मात्र त्यांना रोज बघायला सांगा.